प्रत नसलेलं पुस्तक

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात गेलात तर पुस्तकाचा धंदा कशावर चालतो ते कुणाला विचारावं लागत नाही. पालकांच्या हातात शाळेच्या याद्या, काउंटरपाशी रेटारेटी, आणि माळ्यावर चढलेला पोरगा वरूनच ओरडतोय, "सातवी सेमी संपलं, उद्या या!" गठ्ठा खाली येतो, सुतळी कापली जाते, खाकी कागद टराटर फाटतो. थोडं पुढे जुन्या पुस्तकांवाला बसलेला असतो. गेल्या वर्षीचं गणित त्याच्याकडून निम्म्या किमतीत घ्यायचं आणि पुढच्या जूनला त्यालाच पाव किमतीत विकायचं.

या सगळ्या गडबडीत एक शब्द सारखा कानावर पडतो: प्रत. किती प्रती उरल्यात, ही प्रत आतून फाटकी आहे, शेवटची प्रत आहे घेऊन टाका. प्रकाशकाचं गोदाम, दुकानदाराची उधारी, लेखकाचं मानधन, ग्रंथालयाचा शिक्का, रद्दीवाल्याचा काटा, सगळं त्या एका शब्दाला टांगलेलं. ई-बुक आल्यापासून कागद टिकणार की जाणार यावर आपण चवीने भांडतोय. मला ते भांडण चुकीच्या जागी चाललंय असं वाटतं. ई-बुकाने आधी प्रत काढून घेतली आणि बाकीचे बदल त्यातून निघाले.

मी मुद्रितशोधनाचं काम करतो. सुरुवात केली तेव्हा ट्रेसिंगवर चुकलेली ओळ ब्लेडने कापून तिच्या जागी नवी ओळ चिकटवायची पद्धत होती. आता फोनवर ई-बुक तपासतो, तेही लक्ष्मी रस्त्याला बस अडकलेली असताना. त्यामुळे या बदलाची गंमत आणि वैताग दोन्ही जवळून पाहिलेत.

पिशवी

बहुतेकांना ई-बुक म्हणजे पीडीएफ वाटतं. पीडीएफ हा छापील पानाचा फोटोच समजा. पान छापखान्यात जसं जाणार होतं तसंच्या तसं गोठवलेलं. फोनवर ते वाचायचं तर दोन बोटांनी मोठं करा, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरका, पुन्हा डावीकडे या. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून स्पर्धा परीक्षांची पोरं असंच वाचतात, आणि त्यांचे चष्म्याचे नंबर वाढतात.

खरं ई-बुक वेगळं असतं. सध्या सगळ्यात जास्त चालणारी रचना म्हणजे एपब, २००७ साली ठरलेली. ती एक पिशवी आहे. पिशवीत प्रकरणागणिक एकेक वेबपान, मुखपृष्ठाचं चित्र, अनुक्रमणिका, आणि अक्षर केवढं, परिच्छेद कसा हे सांगणारी एक चिठ्ठी. फाइलला कुलूप नसेल तर तिच्या नावाचं शेपूट बदलून 'झिप' करा, पिशवी उघडते आणि आतला माल दिसतो. मजकूर वाहता असतो. पडदा लहान असेल तर ओळी आखूड होतात, अक्षर मोठं केलं तर पानं वाढतात. म्हणजे पान ही चीजच उरत नाही. 'पृष्ठ ११२ पाहा' या तळटीपेला अर्थ राहत नाही, शेवटची सूची निरुपयोगी होते, आणि कवितेची लांब ओळ नको तिथे मोडते. कवितासंग्रहाचं ई-बुक करायचं काम आलं की मी जास्त पैसे मागतो.

कल्पना तशी जुनीच. अमेरिकेत मायकेल हार्टने १९७१ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टाइप केला आणि प्रोजेक्ट गटेनबर्ग या फुकट ई-पुस्तकांच्या प्रकल्पाची सुरुवात झाली. बाजार मात्र पेटला नोव्हेंबर २००७ मध्ये, ॲमेझॉनने किंडल हे ई-बुक वाचायचं यंत्र आणलं तेव्हा. किंमत ३९९ डॉलर, आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. यात एक विनोद आहेच: साठ्याचा प्रश्न संपवणाऱ्या यंत्राचाच साठा संपला. मराठी पुस्तकांना किंडलचं दार अधिकृतपणे उघडलं ते डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमच्या बरोबरीने. मधली नऊ वर्षं कुठे गेली याची कारणं बरीच. त्यातल्या एकाशी माझी रोज गाठ पडते.

'दुसऱ्या'ची गोष्ट

मराठीत संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा पुण्यातच त्याची दोन मोठी ठिकाणं होती. एक १९८८ साली स्थापन झालेली सी-डॅक, आणि दुसरं श्रीलिपी काढणारं मॉड्युलर इन्फोटेक. त्या काळच्या फाँटांची युक्ती अशी होती: संगणकाला रोमन अक्षरंच समजतात ना, मग त्या रोमन अक्षरांच्या घरांत आपली अक्षरं बसवू. पडद्यावर 'क' दिसायचा, संगणकाच्या लेखी मात्र तिथे भलतंच रोमन चिन्ह असायचं. कागदावर छापायचं असल्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं. शाईला काय, जो आकार दिला तो उमटवला.

ई-बुकात शाई नाही. तिथे संगणकाला अक्षर खरोखर 'क' आहे हे कळावं लागतं, तरच दुसऱ्या यंत्रावर ते दिसेल, शोधता येईल, मोठ्याने वाचून घेता येईल. त्यासाठी युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण छापखान्यांनी जुने फाँट पुढे वीस-वीस वर्षं सोडले नाहीत, कारण चालत होतं. परिणाम असा की मराठी प्रकाशकांकडे हजारो पुस्तकांच्या तयार फाइली आहेत आणि त्या ई-बुकाच्या दृष्टीने रोमन अक्षरांचा काला आहेत.

मग कन्व्हर्टर चालवायचा. तो नव्वद टक्के काम फत्ते करतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांत माणसाला रडवतो. गेल्या वर्षी एका कादंबरीची फाइल माझ्याकडे आली. पहिल्याच पानावर 'दुसर्या दिवशी'. पुढे 'तार्यांकडे', 'वार्याने', 'बिचार्याला'. अख्ख्या कादंबरीत र वर उडून रफार झालेला, नायिका बिचारी 'किनार्यावर' उभी. आपला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र, 'दुसऱ्या'तला, हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये तो काढायचा तर 'ऱ' हे नुक्त्याचं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो. ते अक्षर युनिकोडच्या तक्त्यात मुळात द्राविडी भाषांमधला एक र लिहिण्यासाठी नोंदवलेलं आहे, आणि त्याच्याच अर्ध्या रूपावर मराठीचा संसार चाललाय. हाच आकार साध्या र ला एक अदृश्य जोडचिन्ह लावूनही निघतो. दोन्ही पडद्यावर सारखे दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द वाटतात. वाचक 'दुसऱ्या' शोधतो, पुस्तकात तो शब्द शंभरदा असतो आणि उत्तर येतं: सापडलं नाही.

शोधा आणि बदला, असं आपण म्हणू. पण 'सूर्या', 'आर्या', 'चर्या', 'कार्यालय' यांना रफारच हवा. एकदा सरसकट बदल केल्यावर एका प्राध्यापकांच्या पुस्तकात 'आचाऱ्य' अवतरले होते. त्यामुळे एकेक शब्द डोळ्याखालून घालायचा. शिवाय यंत्रावरचा फाँट हिंदी वळणाचा असेल तर ल आणि श परके दिसतात आणि वाचक फोन करून सांगतो, "अहो, हे मराठी नाही वाटत." त्याचं बरोबरच असतं.

हा सगळा खर्च कुणाच्या हिशेबात धरायचा, यावर प्रकाशकाशी माझी दर वेळी बाचाबाची होते. कारण वाचकाच्या मनात पक्कं बसलंय की ई-बुकाला खर्चच नसतो.

तीनशे रुपयांचे तुकडे

उदाहरणापुरते आकडे घेऊ. प्रत्यक्षात ते पुस्तकागणिक आणि प्रकाशकागणिक बदलतात. दोनशे पानांचं डेमी आकाराचं पुस्तक, किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची. वितरक आणि विक्रेता मिळून ४० टक्के घेतात, म्हणजे १२० रुपये. लेखकाचं मानधन १० टक्के, ३० रुपये. कागद, छपाई, बांधणी मिळून ९०. प्रकाशकाकडे उरले ६०. यातून संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ हा एकदाच होणारा खर्च वसूल व्हायचा असतो. तो ४०,००० रुपये धरला तर ६६७ प्रती विकल्यावर प्रकाशक शून्यावर येतो. आवृत्ती आहे ५०० ची! 'दुसरी आवृत्ती' हे शब्द उच्चारताना प्रकाशकाचा चेहरा खुलतो तो त्यामुळे.

आता तेच पुस्तक १५० रुपयांचं ई-बुक म्हणून विका. करापोटी सुमारे ७ रुपये गेले. ऑनलाइन दुकानाने उरलेल्याचे ४० टक्के घेतले, म्हणजे ५७. हाती आलेल्या रकमेतले २५ टक्के लेखकाला दिले, साधारण २२. प्रकाशकाकडे उरले ६४. निम्म्या किमतीत चार रुपये जास्तच! आणि ते ४०,००० भरून काढायला ६२५ विक्री पुरेशी.

म्हणजे दोन्हीकडे आकडा जवळपास तोच. छपाई वाचली म्हणून पुस्तक करण्याचा खर्च वाचत नाही, हे इथे दिसतं. वाचतं ते काय? ५०० प्रतींचे ४५,००० रुपये, जे छापील पुस्तकात पहिली प्रत विकण्याआधीच कागदवाल्याला आणि छापखान्याला द्यावे लागतात. मग त्या प्रती नारायण पेठेतल्या कुठल्यातरी तळघरात पडून राहतात, पावसाळ्यात ओल धरतात, आणि पाच वर्षांनी उरलेल्या किलोवर जातात. ई-बुकाने ही धास्ती काढून टाकली.

मग सगळेच ई-बुकावर का गेले नाहीत? कारण ती ६२५ गिऱ्हाइकं. मी ज्या पुस्तकांवर काम केलं त्यांतल्या बहुतेकांची ई-विक्री दोन आकड्यांत राहिली. त्यामुळे मराठी ई-बुक अजून छापील पुस्तकाच्या कडेवर बसून फिरतं. खर्च छापीलने काढायचा आणि ई-बुकाने वरकड आणायची.

करातही हेच कडेवर बसणं दिसतं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. कागदावर आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे प्रकाशकाला कागदावर भरलेला कर परत मिळत नाही, तो भाग वेगळा. ई-बुकावर सुरुवातीला १८ टक्के होता. जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला, पण अट अशी की त्या पुस्तकाची छापील आवृत्ती असली पाहिजे. केवळ ई-बुक म्हणून जन्माला आलेल्या पुस्तकाला ही सवलत लागू नव्हती. कागद वाचवा म्हणणाऱ्या जमान्यात, आधी कागदावर छापून दाखवा मग सवलत घ्या, हा न्याय मला तरी उफराटा वाटतो.

किंमत कुणी ठरवायची

आपल्याकडे प्रकाशक पुस्तकावर किंमत छापतो आणि विक्रेत्याला त्यावर सूट देतो. विक्रेत्याने आपल्या ४० टक्क्यांतले २० टक्के गिऱ्हाइकाला सोडले तर प्रकाशकाला फरक पडत नाही, त्याचे पैसे ठरलेले. शेजारचा विक्रेता मात्र खवळतो. चौकात असले रुसवेफुगवे नेहमीचे.

हेच मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत घडलं. ॲमेझॉनने नवी गाजणारी ई-पुस्तकं ९.९९ डॉलरला विकायला काढली, कित्येकदा पदरचे पैसे घालून. प्रकाशकांना त्यांचा वाटा पूर्ण मिळत होता, तरी ते घाबरले. एकदा का वाचकाच्या डोक्यात दहा डॉलर ही पुस्तकाची रास्त किंमत म्हणून बसली, की छापील पुस्तक कोण घेणार? आणि उद्या हेच दुकान प्रकाशकांकडे वळून म्हणणार, आता तुम्हीही भाव पाडा. २०१० मध्ये ॲपल आयपॅड घेऊन आलं आणि वेगळा करार पुढे केला: किंमत प्रकाशक ठरवेल, दुकान फक्त दलाल, त्याला ३० टक्के. पाच मोठे प्रकाशक त्यात सामील झाले आणि ई-बुकांचे भाव चढले. सरकारने २०१२ मध्ये संगनमताचा खटला भरला, २०१३ मध्ये निकाल ॲपलच्या विरुद्ध गेला, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिल्यावर ४५ कोटी डॉलरची तडजोड पक्की झाली.

यात भाबडं कुणीच नव्हतं. पण प्रकाशकांची भीती अगदीच पोकळ नव्हती असं माझं मत. प्रत असते तेव्हा दुकानं शंभर असू शकतात, कारण माल उचलून कुठेही नेता येतो. प्रत नसते तेव्हा वाचकाच्या हातातलं यंत्र ज्याचं, दुकान त्याचं. किंडल हातात असलेला माणूस दुसऱ्या दुकानात सहसा फिरकत नाही.

लेखकालाही या दुकानाचं दार थेट उघडलं. स्वतः फाइल चढवा, स्वतः किंमत लावा. किंडलवर स्वप्रकाशनात लेखकाला ३५ किंवा ७० टक्के मिळतात. पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ते ई-बुक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही अशी अट आहे. शिवाय महिन्याची वर्गणी भरून हवं तेवढं वाचा या योजनेत लेखकाला पैसे मिळतात ते वाचल्या गेलेल्या पानांवर. २०१५ पासून हे असं आहे. म्हणजे वाचक पन्नासाव्या पानावर झोपला तर पन्नास पानांचेच पैसे. आमच्याकडे मानधन प्रत विकली की मिळतं. गिऱ्हाइकाने ती उघडली की तिच्यावर चहाचा कप ठेवला हे कुणी विचारत नाही.

जुने करार, न संपणारी आवृत्ती

करार हा विषय रुक्ष आहे, पण लिहिणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. १९८५ सालच्या करारात 'पुस्तकरूपाने प्रसिद्ध करण्याचे हक्क' असं लिहिलंय. त्यात ई-बुक येतं का? न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे २००१ मध्ये हाच प्रश्न आला होता. रँडम हाउस या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने रोझेटाबुक्स या छोट्या ई-प्रकाशकाला अडवू पाहिलं, आणि न्यायालय म्हणालं, पुस्तकरूपात ई-बुक धरता येत नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारात नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट नाव घेतल्याशिवाय दिले गेले असं मानत नाहीत. आणखी एक कलम लेखकांना सहसा माहीत नसतं: करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात.

आता आवृत्तीचं बघा. 'आवृत्ती संपली' हे वाक्य आपल्याकडे दुःखाने म्हणतात, पण लेखकासाठी त्यात एक सुटका होती. बऱ्याच करारांत असं असतं की आवृत्ती संपून अमुक वर्षं प्रकाशकाने नवी काढली नाही, तर हक्क लेखकाकडे परत. ई-बुक कधी संपतच नाही. वर्षाला तीन विकली तरी ते 'उपलब्ध' असतं आणि हक्क प्रकाशकाकडे अडकून राहतात. त्यामुळे आता शहाणे लेखक लिहून घेतात की वर्षाला इतक्यापेक्षा कमी विक्री झाली तर पुस्तक संपलं असं समजावं.

हक्कांची मुदत उलटलेल्या साहित्याला मात्र ई-बुकाने दुसरा जन्म दिला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, वर्ष संपल्यावर मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ च्या पहिल्या तारखेपासून त्यांचं लेखन सगळ्यांना खुलं. हरी नारायण आपटे, गडकरी, टिळक हे तर कधीच खुले झाले. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक असली पुस्तकं एकेक पान तपासून चढवतात, आणि ई साहित्य प्रतिष्ठानसारखे लोक मराठी ई-पुस्तकं फुकट वाटतात. पगार नसताना एवढं चोख मुद्रितशोधन करणारी माणसं आहेत हे बघून माझ्यासारख्याला जरा लाजायला होतं.

सव्वीस वेळा

मराठी प्रकाशकाचं सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाइक म्हणजे ग्रंथालय. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालयं राज्यात आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांतली. अनुदान हातात पडलं की मार्चअखेर खरेदीची धांदल उडते आणि प्रकाशकांचं वर्ष तरतं. पुण्यात तर ही परंपरा १८४८ पासूनची, पुणे नगर वाचन मंदिर त्या सालचं. ग्रंथालयाने प्रत घेतली की ती त्याची. शंभर जणांनी वाचा, पाठीला डिंक लावा, पुन्हा बांधा, प्रकाशक काही म्हणू शकत नाही.

ई-बुकात ग्रंथालयाकडे प्रत येत नाही, परवाना येतो. परवान्यात काय लिहायचं ते प्रकाशकाच्या हातात. एका वेळी एकानेच वाचायचं, असं बंधन घालतात. म्हणजे फाइल एकाच वेळी हजार जणांना देता येत असताना 'पुस्तक बाहेर गेलंय, नंबर लावा' असं सांगायचं. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालयांना कळवलं की एक ई-बुक २६ वेळा दिल्यावर परवाना संपेल, नवा घ्या. हिशेब असा की दोन आठवड्यांची एक फेरी धरली तर वर्षात २६ होतात. वाचनालयातल्या आमच्या मंडळींना हे सांगितलं तेव्हा एक बाई म्हणाल्या, "सव्विसाव्या वेळी पान सुटतं का काय?" छापील पुस्तक झिजतं, म्हणून न झिजणाऱ्याला कायद्याने झिजवायचं. मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेने २०१९ मध्ये नव्या ई-बुकाची पहिले आठ आठवडे प्रत्येक ग्रंथालय-व्यवस्थेला एकच प्रत द्यायचं ठरवलं. ओरड झाली आणि मार्च २०२० मध्ये नियम मागे घेतला.

मराठी ग्रंथालयांत ई-बुकाची देवघेव अजून फारशी नाही. पण ती येईल तेव्हा असल्या अटी तयारच असतील, आणि ड वर्गाच्या गावच्या वाचनालयाने दर वर्षी परवाना कुठून नवा करायचा, हा प्रश्न आत्ताच विचारलेला बरा.

दुकानात

चौकातल्या एका ओळखीच्या दुकानात मी बसलो होतो. एक जोडपं आलं. तासभर पुस्तकं चाळली, आठ-दहा मुखपृष्ठांचे फोटो काढले, "छान कलेक्शन आहे हो काका," म्हणून निघून गेलं. काका मला म्हणाले, "बघितलंस? आता आपण शोकेस झालो."

ती दोघं ई-बुक घेणार होती की घरपोच छापील, देव जाणे. बहुधा छापीलच. हा फरक लक्षात ठेवावा लागतो. दुकानांना जास्त टोचली ती कागदी पुस्तकांची ऑनलाइन विक्री. फ्लिपकार्टने २००७ मध्ये धंद्याची सुरुवातच पुस्तकांनी केली. ॲमेझॉनची भारतीय साइट २०१३ ची. पुण्याच्या कॅम्पातलं मॅनीज हे पुस्तकांचं दुकान बंद झालं २०१२ मध्ये, तेव्हा मराठी ई-बुक नावाला होतं. अमेरिकेतल्या बॉर्डर्स या पुस्तकदुकानांच्या साखळीची कथा अजून बोलकी आहे. त्या साखळीने २००१ मध्ये आपली ऑनलाइन विक्री ॲमेझॉनकडेच सोपवली, २००८ पर्यंत तशीच ठेवली, आणि २०११ मध्ये दिवाळं काढलं.

त्याच वेळी दुसरं चित्रही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव सुरू झाला, तेव्हा कागदी पुस्तकांच्या पिशव्या घेऊन निघालेली तरुण मुलं मी पाहिली. बुकगंगासारखं पुण्यातलंच दुकान एकाच ठिकाणी छापील आणि ई दोन्ही विकतं. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऐकायच्या पुस्तकांचं ॲप भारतात आलं ते इंग्रजी, हिंदी आणि मराठी घेऊन, तेव्हापासून माझी बहीण पोळ्या लाटताना कादंबऱ्या ऐकते. वाचनाला तिला वेळ नव्हता, कानाला होता.

छापखान्यात झालेला बदल फारसा कुणाच्या नजरेत आला नाही. ई-बुकासाठी पुस्तकाची चोख फाइल जपून ठेवायची सवय लागली, आणि त्याच फाइलीवरून डिजिटल छपाईच्या यंत्रावर पन्नास काय, पाच प्रतीसुद्धा निघतात. प्रतीमागे खर्च जास्त येतो, पण गोदाम लागत नाही. पूर्वी हजाराची आवृत्ती काढल्याशिवाय ऑफसेटच्या प्लेटा परवडायच्या नाहीत. त्या काकांकडे आता कुणी न मिळणारं पुस्तक विचारलं की ते नाव, फोन लिहून घेतात. वीस जण जमले की प्रकाशकाला फोन जातो. "वीस काढ रे." आठवड्याने गठ्ठा येतो, सुतळी बांधलेला.

विकत घेतलं म्हणजे काय

ई-बुकाखाली 'विकत घ्या' असं बटण असतं. खरं तर आपण वाचायची परवानगी घेतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने काही वाचकांच्या किंडलमधून विकलेलं पुस्तक परस्पर पुसून टाकलं, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले. पण पुस्तक नेमकं जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' निघालं, सरकार नको ते कागद भिंतीतल्या भोकात टाकून नष्ट करतं त्या गोष्टीचं. दुकानाने नंतर माफी मागितली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-बुकांचं दुकानच बंद केलं, तेव्हा वाचकांची पुस्तकंही गेली आणि पैसे परत आले. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची सोयही बंद झाली. युरोपच्या न्यायालयाने तर २०१९ मध्ये सांगितलं की वापरलेलं ई-बुक दुसऱ्याला विकता येणार नाही, कारण ते वापरल्याने जुनं होत नाही. चौकातल्या जुन्या पुस्तकांवाल्याचा धंदा ई-बुकात तिथे हक्कदाराच्या परवानगीशिवाय कायद्यानेच होऊ शकत नाही.

आमच्या सोसायटीतले एक काका दोन वर्षांपूर्वी गेले. बँकेतून निवृत्त झालेले, वाचनाचं व्यसन. घरात चार कपाटं पुस्तकं, आणि शेवटची सहा-सात वर्षं डोळ्यांमुळे मोठं अक्षर हवं म्हणून सगळं वाचन टॅबवर. काकूंनी कपाटं रिकामी करायची ठरवली. मी आणि त्यांचा भाचा, दोघांनी पुस्तकं खोक्यांत भरली. बऱ्याच पुस्तकांच्या पहिल्या पानावर काकांची सही, तारीख आणि कुठे घेतलं ते. दोन टेंपोंत ती एका वाचनालयात गेली, तिथे शिक्के पडले.

टॅबवर तीनशेच्या वर पुस्तकं होती. काकू म्हणाल्या, "हीसुद्धा देऊन टाक रे कुणाला." टॅब उघडला तर खात्यातून आपोआप बाहेर पडलेला होता. पासवर्ड कुणाला ठाऊक नव्हता. नवा मागितला तर ओटीपी काकांच्या नंबरवर गेला. ते सिम भाच्याने तेराव्यानंतर बंद करून टाकलं होतं.